लॉकडाऊनमध्ये कॉलेजच्या मुलांच्या मनाचं नेमकं काय झालं?

२५ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत एक महत्त्वाचा निकाल दिला. विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या एका १७ वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचं ते प्रकरण होतं. त्यात न्यायमूर्ती विक्रम नाथ आणि संदीप मेहता यांच्या खंडपीठाने देशभरच्या शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. जिथे १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी आहेत तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक असलाच पाहिजे, हे त्यातलं एक. तेव्हापासून प्राध्यापकांच्या बैठकांत हा विषय निघतो आणि त्यामागोमाग एक प्रश्न हमखास येतो. एवढं काय झालंय या मुलांना?

उत्तर शोधायला २०२० आणि २०२१ या दोन वर्षांकडे परत जावं लागतं. विद्यार्थ्यांची घुसमट कोविडच्या आधीही होती. पण एरवी ती इतक्या गोष्टींत गुंतलेली असते की कुठलं कारण किती वजनाचं हे कळत नाही. लॉकडाऊनने एका फटक्यात कॉलेज, मित्र, मेस, परीक्षेची तारीख, सगळं काढून घेतलं. मग कशाच्या जाण्याने काय होतं ते उघडं पडलं. मी त्या काळात तालुक्याच्या गावातल्या एका सिनियर कॉलेजात शिकवत होते. तेव्हा फर्स्ट इयरला असलेली मुलं आज तेवीस-चोवीस वर्षांची आहेत. 'कोविड बॅच का?' हा प्रश्न त्यांना मुलाखतीत अजून ऐकावा लागतो. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी हे लिहिते आहे.

## ताण, उदासी आणि आजार

हे तीन शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो, म्हणून आधी ते वेगळे करू.

परीक्षा जवळ आली की पोटात गोळा येतो. हा ताण. कारण गेलं की तोही जातो, आणि थोडा ताण कामाला लावतो. जवळचं कुणी गेलं, काही हातचं निसटलं की मन खाली बसतं. ही उदासी. तिच्यातही माणूस जेवतो, एखाद्या विनोदावर हसतो, चार दिवसांनी उठून कामाला लागतो. पण उदासी किंवा कशातच रस नसणं हे दोन आठवड्यांहून जास्त काळ, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ टिकलं, त्यासोबत झोप-भूक बिघडली, लक्ष लागेना, आपण निरुपयोगी आहोत असं वाटू लागलं, रोजची कामं अडली, तर डॉक्टर त्याला नैराश्य म्हणतात. तो आजार आहे. त्यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात.

लॉकडाऊनमध्ये बहुतेक मुलांच्या वाट्याला यातले पहिले दोन प्रकार आले. काहींना तिसऱ्यानेही गाठलं. महासाथीच्या पहिल्या वर्षात जगभरात नैराश्य आणि चिंतेच्या आजारांचं प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढलं, असं जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये सांगितलं. सर्वात जास्त झळ बसली ती तरुणांना आणि स्त्रियांना. आता गंमत बघा असं म्हणवत नाही, कारण गोष्ट गंभीर आहे: विषाणूपासून तरुणांच्या जिवाला धोका फार कमी होता. म्हणजे त्यांना लागलं ते दुसरंच काही होतं.

## एका आठवड्यात काय काय गेलं

मार्च २०२० च्या मध्यावर राज्यातली शहरांतली कॉलेजं बंद झाली तेव्हा सूचना ३१ मार्चपर्यंतची होती. २२ तारखेला जनता कर्फ्यू झाला, २४ च्या रात्री २१ दिवसांचा लॉकडाऊन जाहीर झाला. पंधरा दिवसांचा प्रश्न आहे म्हणून वसतिगृहातली मुलं दोन जोड कपडे पिशवीत घालून गावी गेली होती. पुस्तकं, नोट्स, गाद्या, मूळ प्रमाणपत्रांच्या फायली, सगळं खोलीवरच राहिलं. पुढे अनेक वसतिगृहं विलगीकरणासाठी ताब्यात घेतली गेली. आपलं सामान कुणी हलवलं, कुठे ठेवलं, हे मुलांना महिनोन्महिने कळत नव्हतं.

जी गेली नाहीत ती अडकली. पुण्याच्या सदाशिव पेठेत, नव्या पेठेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी हजारो मुलं कॉट बेसिसवर राहतात. एका खोलीत चार-पाच कॉट, सकाळी अभ्यासिका, दोन वेळची मेस, संध्याकाळी कट्ट्यावरचा चहा. मेस आणि अभ्यासिका एकाच दिवशी बंद झाल्या. खोलीवर स्वयंपाकाची सोय नाही, गॅस नाही, आणि भाडं चालू. घरी फोन करून पैसे मागावेत तर बाजार समित्या विस्कळित, शेतात भाजीपाला पडून. तिकडे राजस्थानात कोट्याला क्लासेससाठी गेलेली आपली मुलं अडकली होती. एप्रिलअखेर धुळ्याहून एसटीच्या गाड्या पाठवून त्यांना आणावं लागलं.

आणखी एक गोष्ट गेली, तिच्याविषयी फार कमी बोललं गेलं. आपल्याकडच्या कितीतरी कॉलेजांत 'कमवा आणि शिका' योजना चालते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी घालून दिलेली ही वाट आहे. मुलं ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत तासांवर काम करतात आणि त्यातून मेसचा, पुस्तकांचा खर्च भागवतात. कॉलेजचं फाटक बंद झालं आणि हा पैसा थांबला. शिकवण्या घेणारी, पार्सल पोचवणारी, लग्नसराईत केटरिंगला जाणारी मुलंही रिकाम्या हाताने घरी बसली. ज्या मुलाने गेली दोन वर्षं घरी एक रुपया मागितला नव्हता, त्याला मोबाईलच्या रिचार्जसाठी बापाकडे हात पसरावा लागला. हा अपमान त्याच्या मनाने कुठे नोंदवला असेल, ते कुठल्याच सर्वेक्षणात यायचं नाही.

## हे वयच लावणीचं

मावळात, कोकणात भात कसं लावतात ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे पटकन कळेल. आधी वाफ्यात दाट रोप वाढवायचं, मग ते उपटून चिखलणी केलेल्या खाचरात लावायचं. लावल्यावर काही दिवस रोप पिवळं पडतं, मान टाकतं. नवख्याला वाटतं गेलं. पण त्याची जुनी मुळं तुटलेली असतात आणि नवी अजून फुटायची असतात, इतकंच. त्या दिवसांत खाचरात पाणी राहिलं की रोप धरतं. नेमकी तेव्हाच पावसाने दडी मारली तर जे नुकसान होतं ते महिनाभर आधी किंवा नंतर ओढ दिली असती तर झालं नसतं.

अठरा ते बावीस हे वय असं असतं. घराच्या वाफ्यातून मूल निघालेलं असतं आणि स्वतःची मुळं अजून धरलेली नसतात. धीर धरणं, पुढचं आखणं, भावना आवरणं ही कामं मेंदूचा जो पुढचा भाग करतो तो साधारण पंचविशीपर्यंत घडतच असतो. आणि तो घडतो जगून, वागून: मित्राशी भांडण मिटवून, स्टेजवर ततपप करून पुन्हा उभं राहून, एनएसएसच्या शिबिरात शंभर जणांचा स्वयंपाक निभावून, मेसच्या बिलाचा हिशोब करून. मी कोण, मला काय जमतं, माझी माणसं कोणती, हे प्रश्न याच चार-पाच वर्षांत सुटू लागतात, आणि सोडवायला बरोबरीची माणसं लागतात. आई कितीही प्रेमळ असली तरी हे काम तिच्याकडून होत नाही.

पन्नाशीच्या माणसाचं दीड वर्ष घरात गेलं तर त्याचं दीड वर्ष गेलं. एकोणीस वर्षांच्या मुलीचं दीड वर्ष गेलं तेव्हा तिचं निम्मं कॉलेज गेलं.

## 'घरीच तर होती, आईच्या हातचं खात होती!'

हा आक्षेप मी शिक्षकांकडूनही ऐकला आहे. घर म्हणजे सुरक्षितता हे खरं, पण कुणाचं घर?

मुंबईच्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं दिवसरात्र एकत्र होती. एरवी पाळ्या असतात. वडील कामावर, भाऊ कॉलेजात, आजी देवळात, म्हणून ती खोली पुरते. सगळे एकदम घरात आले की कोपराही उरत नाही. माझ्या ऑनलाइन तासाला पडद्यावर नावांची गोल चिन्हं असायची, कॅमेरे बंद. एक मुलगी शंका विचारायला माईक सुरू करायची तेव्हा मागून कुकरच्या शिट्ट्या, टीव्हीवरचे रुग्णांचे आकडे आणि एका म्हाताऱ्या माणसाचा खोकला ऐकू यायचा. ती अर्धा प्रश्न विचारायची आणि 'सॉरी मॅडम, नंतर' म्हणून माईक बंद करायची. नंतर ती विचारायची नाही. मला वाटायचं हिला समजलं असावं. पुढे कॉलेज सुरू झाल्यावर तिने सांगितलं, घरच्यांसमोर इंग्रजीतून बोलायची तिला लाज वाटायची. कॉलेजात ती एक मुलगी होती आणि घरात दुसरी. दोघींना एका खोलीत राहणं जमत नव्हतं.

मुलींचा मामला आणखी वेगळा. कॉलेजला जाणं हे अनेकींसाठी घरकामातून सुटण्याचं एकमेव मान्य कारण असतं. घरी बसल्यावर तास चालू असतानाच पोळ्या लाटायच्या, धाकट्यांकडे बघायचं. त्यातच लग्नाला ५० माणसांची मर्यादा आली. पन्नास माणसांत लग्न उरकतं, कर्ज होत नाही, हा हिशेब गरीब बापाच्या दृष्टीने चुकीचा म्हणता येणार नाही. पण त्या हिशेबात सेकंड इयरच्या किती मुली कॉलेज उघडायच्या आत सासरी गेल्या, ते आमच्या हजेरीपटावर दिसत होतं. मागे राहिलेल्या मैत्रिणींना धास्ती, की पुढचा नंबर आपला.

ज्या घरात दारू आहे, मारहाण आहे, तिथल्या मुलांसाठी कॉलेज हा रोजचा सहा तासांचा आसरा होता. तो गेला. याहून जास्त सांगायची गरज नाही.

## परीक्षा होणार की नाही

माझ्या मते त्या दोन वर्षांतला सर्वात मोठा घाव हा होता, आणि तो टाळता येण्यासारखा होता. म्हणून इथे जरा थांबू.

अंतिम वर्षाच्या मुलांनी काय अनुभवलं ते क्रमाने बघा. मे २०२० च्या सुरुवातीला राज्य सरकारने सांगितलं, फक्त अंतिम वर्षाच्या परीक्षा होतील, बाकीचे पुढे जातील. ३१ मे ला मुख्यमंत्र्यांनी जाहीर केलं, अंतिम वर्षाचीही परीक्षा नाही, आधीच्या सत्रांवरून सरासरी गुण मिळतील. लगेच कुलपती या नात्याने राज्यपालांनी हरकत घेतली. ६ जुलैला विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, सप्टेंबरअखेर परीक्षा घ्याव्याच लागतील असं कळवलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २८ ऑगस्टला निकाल आला: परीक्षेशिवाय पदवी नाही, हवी तर मुदतवाढ मागा. ऑक्टोबरमध्ये परीक्षा झाल्या, बहुतेकांच्या घरी बसून, मोबाईलवर, पर्यायी उत्तरांच्या.

मे ते ऑक्टोबर. या पाच महिन्यांत मुलाने पुस्तक उघडायचं की मिटायचं? नोकरीचा अर्ज भरायचा की नाही? परदेशी विद्यापीठाने मागितलेली गुणपत्रिका कुठून द्यायची? दर दहा दिवसांनी उत्तर बदलत होतं आणि ते बातम्यांतून कळत होतं.

स्पर्धा परीक्षावाल्यांचं याहून वाईट. एप्रिल २०२० मध्ये व्हायची राज्यसेवा पूर्वपरीक्षा पुन्हा पुन्हा पुढे गेली. अखेर १४ मार्च २०२१ ही तारीख ठरली, हॉल तिकिटं हातात आली, आणि तीन दिवस आधी ती पुन्हा पुढे ढकलल्याचं जाहीर झालं. त्या दिवशी, ११ मार्चला, पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली. परीक्षा शेवटी २१ मार्चला झाली. वय वाढत होतं, वयोमर्यादा जवळ येत होती, गावाकडून 'कधी होणार रे परीक्षा?' असा फोन येत होता, आणि मुलांकडे उत्तर नव्हतं.

मनाचं यात काय होतं ते समजायला एक जुना प्रयोग उपयोगी पडतो. १९६७ मध्ये अमेरिकेत मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या संशोधकांनी कुत्र्यांना विजेचे झटके दिले. आज असा प्रयोग कुणी करू देणार नाही. काही कुत्र्यांना झटका थांबवण्याची कळ दिली होती, काहींना दिली नव्हती. झटके दोघांना सारखेच. नंतर सगळ्यांना अशा पेटीत ठेवलं जिथून नुसती उडी मारून सुटता येत होतं. कळ मिळालेले कुत्रे उडी मारून सुटले. ज्यांच्या हाती आधी काहीच नव्हतं त्यांतले बरेचसे जागीच बसून राहिले, वाट मोकळी असूनही. याला त्यांनी 'शिकलेली असहायता' असं नाव दिलं. जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, मेंदूवरच्या नव्या संशोधनाच्या आधारे त्या दोघांनीच आपल्या सिद्धांतात दुरुस्ती केली. ते म्हणाले, हतबल होऊन बसणं ही लांबलेल्या त्रासावरची मेंदूची मूळचीच प्रतिक्रिया आहे. शिकावं लागतं ते दुसरं: आपल्या करण्याने काहीतरी बदलतं, हे.

ही दुरुस्ती मला फार मोलाची वाटते. अभ्यास केला तर गुण मिळतात, तालीम केली तर नाटक उभं राहतं, फॉर्म वेळेत भरला तर शिष्यवृत्ती येते. मुलं कॉलेजात हेच शिकत असतात, विषय कुठलाही असो. २०२० मध्ये नेमका हा धडा उलटा गिरवून घेतला गेला. तू काहीही कर, ठरणार आहे ते कुठेतरी वर, आणि तेही उद्या बदलेल. त्यानंतर कॉलेज उघडल्यावर मुलं 'काही करतच नाहीत', वर्गात नुसती बसतात, अशी तक्रार आम्ही शिक्षकांनी केली. ती आळशी झाली होती असं मी म्हणणार नाही.

## रेंज

२०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार देशात ग्रामीण भागातल्या सुमारे १५ टक्के घरांतच इंटरनेटची सोय होती, शहरांत ४२ टक्के. कॉम्प्युटर असलेली घरं गावांत ४.४ टक्के, शहरांत २३.४ टक्के. त्यानंतर स्वस्त डेटामुळे फोन वाढले हे खरं, पण घरात फोन एक आणि शिकणारी तीन, हे चित्र २०२० मध्ये सगळीकडे होतं.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, खाली मंडणगड-दापोलीपर्यंत विजेचे खांब आडवे झाले. सुपारीच्या आणि नारळाच्या वाड्या झोपल्या. कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, मग मोबाईलची रेंज कुठून? त्याच दिवसांत इकडे ऑनलाइन शिक्षणाची आखणी चालली होती. त्या मुलांना आपण अभ्यासात मागे पडतोय याहून जास्त खुपलं ते हे, की आपण मागे पडलोय याची कुणाला खबरही नाही.

रेंज नसणं ही तांत्रिक अडचण वाटते. पण परीक्षेचा साठ मिनिटांचा काटा सुरू आहे, पडद्यावर गोल चक्र फिरतंय, आणि मुलगा टेकडीवर उन्हात फोन वर धरून उभा आहे, हे एकदा नजरेसमोर आणा. त्या क्षणी त्याचं हृदय जसं धडधडतं तसं धडधडणं महिनोन्महिने राहिलं तर त्याचा शरीरावर परिणाम होतोच. डोकं दुखतं, पोट बिघडतं, चिडचिड होते. आपल्या घरांतून मानसिक त्रास बहुतेक वेळा या दारानेच येतो. 'मन बरं नाही' असं कुणी म्हणत नाही, 'डोकं धरलंय' म्हणतात.

## रात्रीचे तीन

आपल्या शरीरात झोप-जागेचं एक घड्याळ असतं. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की ते रोज जुळवलं जातं. तरुणपणी हे घड्याळ मुळातच उशिरा चालतं, रात्री लवकर झोप येत नाही. साडेसातचं लेक्चर, सव्वासातची एसटी ही त्यावरची बाहेरून लावलेली दोरी. ती सुटली आणि झोप रात्री एकवर, मग तीनवर, मग पहाटेवर गेली. अभ्यासही फोनवर, विरंगुळाही फोनवर आणि भीतीदायक बातम्याही त्याच फोनवर. घरच्यांना दिसायचं ते एवढंच, की मुलगा बारा वाजेपर्यंत लोळतोय. त्यावरून भांडणं. आणि झोप मोडलेल्या माणसाला उदासी लवकर धरते.

## २०२१ चा एप्रिल-मे

१५ फेब्रुवारी २०२१ ला राज्यातली कॉलेजं निम्म्या हजेरीने सुरू झाली होती. मुलं आली, एकमेकांना मास्कमधून ओळखायला शिकली, आणि महिन्याभरात दुसऱ्या लाटेने सगळं पुन्हा बंद केलं.

त्या लाटेत मुलं लेक्चरच्या ग्रुपवर ऑक्सिजनच्या खाटेचे आणि रेमडेसिविरचे नंबर टाकत होती. वीस वर्षांचा मुलगा बापाला घेऊन एका दवाखान्यातून दुसऱ्यात फिरत होता. कित्येकांना आईवडिलांचं शेवटचं दर्शन झालं नाही. दहावा-तेरावा झाला नाही, पाहुणे आले नाहीत, गळ्यात पडून रडायला कुणी नव्हतं. आपले विधी माणसाला तेरा दिवस एकटं सोडत नाहीत. दुःखाला जागा आणि साक्षीदार मिळतात. ते सगळं टळलं आणि पंधरा दिवसांनी मुलाला असाइनमेंटची आठवण करून देणारा संदेश आला.

याशिवाय काही दुःखं अशी होती ज्यांना आपण दुःख मानतच नाही. शेवटचं गॅदरिंग झालं नाही. एकांकिकेची वर्षभराची तालीम वाया गेली. विद्यापीठाच्या कबड्डी संघात निवड झाली आणि स्पर्धाच रद्द. माणसं मरत असताना याचं काय रडायचं, असं मुलं स्वतःच म्हणायची आणि गिळून टाकायची. गिळलेलं कुठे जात नाही.

## 'फुकटात पास झाली, वर कौतुक!'

जुलै २०२० मध्ये राज्यात कृषी पदवीच्या काही गुणपत्रिकांवर 'प्रमोटेड कोविड-१९' असा शेरा उमटला आणि मोठी ओरड झाली. शेरा कागदावरचा होता, पण समाजाने तो अख्ख्या पिढीवर मारला. मुलांनी परीक्षा नको म्हणून साथ आणली नव्हती. प्रात्यक्षिकं न करता पदवी मिळाली याची भीती सर्वात जास्त त्यांनाच आहे. पहिल्या नोकरीवर रुजू झालेला माझा एक विद्यार्थी रात्री घरी येऊन सेकंड इयरची पुस्तकं वाचायचा, कुणाला कळू नये म्हणून.

'आम्ही बहात्तरचा दुष्काळ काढला, आम्हाला नाही झालं नैराश्य,' असंही ज्येष्ठ म्हणतात. त्यांचे हाल खोटे नाहीत. पण दुष्काळात माणसं रोजगार हमीच्या कामावर एकत्र जात होती, खडी एकत्र फोडत होती. हाल वाटून घेतले जात होते. २०२० मध्ये एकत्र येण्यालाच बंदी होती. शिवाय त्या वेळी कुणाला नैराश्य आलं नाही असं नाही. त्याला ते नाव नव्हतं आणि विचारायला कुणी नव्हतं.

## आकडे काय सांगतात

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार देशात २०१९ मध्ये १०,३३५ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्या गेल्या, २०२० मध्ये १२,५२६ आणि २०२१ मध्ये १३,०८९. २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षांत राज्यांमध्ये सर्वात मोठा आकडा महाराष्ट्राचा होता.

हे आकडे जपून वाचायला हवेत. त्यात शाळेतली मुलंही आहेत. नोंद पोलिसांची आहे. वाढ कोविडच्या आधीपासून सुरू होती, त्यामुळे सगळं खापर लॉकडाऊनवर फोडता येणार नाही. आत्महत्येमागे एकच कारण क्वचितच असतं. आणि हेही खरं की बहुतेक मुलं सावरली, कॉलेजं उघडल्यावर महिन्या-दोन महिन्यांत त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. रोपाने मुळं धरली. पण काही सावरली नाहीत, आणि ती कोणती हे आपण आजही शोधत नाही.

## हेल्पलाइन होती की!

होती. केंद्राने जुलै २०२० मध्ये 'मनोदर्पण' हा विद्यार्थ्यांसाठीचा उपक्रम सुरू केला. विद्यापीठांनी सकारात्मक विचारांवर भरपूर वेबिनार घेतले. पण मघाची ती खोली आठवा. सहा माणसांत बसून, वडिलांच्या फोनवरून, 'मला जगावंसं वाटत नाही' हे वाक्य कुणी कसं उच्चारणार? मदतीआधी आडोसा लागतो. तो ज्यांच्याकडे होता त्यांनी मदत घेतली.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आढळलं होतं, की मानसिक आजार असलेल्यांपैकी, आजारानुसार, ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. ही दरी कोविडच्या आधीची. लॉकडाऊनने तिच्यावर आणखी मुलं आणून उभी केली.

## मग समुपदेशक नेमला की झालं?

नेमायलाच हवा, आणि तो प्रशिक्षितच हवा. मानसशास्त्राच्या प्राध्यापकांना 'जादा कार्यभार' देऊन भागवू नये. त्याची खोली प्राचार्यांच्या केबिनसमोर नसावी. मुलगा तिथे शिरला हे सगळ्यांना दिसलं तर तो शिरणारच नाही.

पण लॉकडाऊनने दाखवलं ते वेगळंच होतं. मुलांची मनं ढासळली ती मेस बंद झाली तेव्हा, तारीख बदलली तेव्हा, शिष्यवृत्ती अडकली तेव्हा, खोलीला दार नव्हतं तेव्हा. त्यामुळे वेळापत्रक जाहीर करून ते पाळणं, महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावरचा शिष्यवृत्तीचा अर्ज का अडला हे मुलाला समजेल अशा भाषेत सांगणं, वसतिगृह सोडायला लावताना सामानाची यादी करून देणं, ग्रंथालय रात्री दहापर्यंत उघडं ठेवणं, हीसुद्धा मानसिक आरोग्याचीच कामं आहेत. त्यांना मानसशास्त्राची पदवी लागत नाही. समुपदेशक नेमला आणि निकाल सहा महिने लावला नाही, तर त्याने मुलांना काय समजवायचं?

शिक्षकांना, रूममेटना आणि पालकांना एक शंका नेहमी असते: आत्महत्येबद्दल सरळ विचारलं तर मुलाच्या डोक्यात तो विचार घालतोय असं होत नाही का? नाही होत. उलट विचारल्याने बोलायची वाट मोकळी होते. 'तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?' असं साध्या शब्दांत, एकांतात विचारावं. 'हो' म्हणाला तर उपदेश करू नये, त्याला एकटं सोडू नये, आणि मोठ्या, जाणत्या माणसाला लगेच सांगावं, मग त्याने 'कुणाला सांगू नको' अशी शपथ घातली असली तरी. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेलि-मानस ही सेवा सुरू आहे. नंबर १४४१६. दिवसरात्र, पैसे न घेता, मराठीतूनही बोलता येतं. फोन मित्राने मित्रासाठी केला तरी चालतो.